रेणुकाबाईचे बिनटाक्याचे मफलर

आमच्या शाळेत शाली सहा आहेत. सत्कार मात्र वर्षाकाठी पन्नास-साठ होतात. हे कसं जमतं, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडेल, आम्हाला पडत नाही. पाहुण्याच्या खांद्यावर शाल टाकायची, हातात नारळ द्यायचा आणि फोटो निघेपर्यंत कॅमेऱ्याकडे बघत उभं राहायचं. मग पाहुणा जागेवर जातो, शालीची घडी घालतो आणि खुर्चीच्या हातावर ठेवून देतो. नारळ घरी जातो, शाल जात नाही. गावातल्या माणसाने शाल नेणं बरं दिसत नाही. "राहू द्या सर, शाळेच्या कामी येईल," असं म्हणायची रीतच पडून गेली आहे. सातवीतल्या दोन मुली ती शाल हळूच उचलून स्टेजमागे नेतात आणि थोड्या वेळाने तीच शाल दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर दिसते. एका गृहस्थांना तर एकाच कार्यक्रमात तीच शाल दोनदा मिळाली होती, एकदा पालक म्हणून आणि एकदा देणगीदार म्हणून. दोन्ही वेळा त्यांनी ती मोठ्या मनाने परत केली.

गावाचं नाव मी सांगणार नाही. सोनाळ्याहून सातपुड्याकडे तोंड केलं की पुढे जी गावं लागतात त्यांतलं एक, एवढं पुरे. मला अजून तिथेच नोकरी करायची आहे.

स्टेजमागे बसून या शालींच्या घड्या घालते ती रेणुकाबाई. तिचं खरं काम शाळेत खिचडी रांधण्याचं. पण आमच्याकडे खिचडी रांधणाऱ्या बाईने सतरंज्या झटकायच्या, पाहुण्यांना चहा द्यायचा, खुर्च्या पुसायच्या आणि शालीही सांभाळायच्या, असं कुणी न ठरवता ठरलेलं आहे. चौदा वर्षं ती त्या घड्या घालते आहे. प्रत्येक शालीला तिने नाव दिलंय. एक चहावाली, एक हळदीवाली, एक उदबत्तीने जळलेली म्हणून जळकी. "चहावाली मोठ्या सायबाले देजो पोरी," ती मुलींना सांगते, "तिचा डाग पाठीमांगं जाते, फोटोत येत नाही."

मी बुलढाण्याची. वडील कचेरीत कारकून, घरात पुस्तकी बोलणं. नऊ वर्षांपूर्वी या शाळेत रुजू झाले तेव्हा मला ही बाई सरळसरळ उद्धट वाटली होती. उंच, काळीसावळी, पदर कमरेला खोचलेला आणि आवाज असा की चुलीपासून शाळेच्या फाटकापर्यंत जावा. नवरा जीवन वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवतो आणि ती बाजाराच्या दिवशी सोनाळ्यात बसून विकते. तिच्याशी भाव करायची हिंमत मी एकदाच केली.

पहिल्याच वर्षी तपासणीला एक साहेब आले होते. पातेल्यात डोकावून म्हणाले, "खिचडी पातळ दिसते." आम्ही सगळे शिक्षक माना खाली घालून उभे. रेणुकाबाईने एक ताट वाढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. "सायेब, बसा अथी. खाऊन बोला." साहेब बसले. दोन ताटं खाल्ली आणि खिचडीबद्दल काही न बोलता गेले. दुसऱ्या एका बैठकीत स्वयंपाकिणींना जमिनीवर बसायला सांगितलं, तर ती उठून गेली आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन आली. तो उलटा टाकून आमच्या रांगेत बसली. "खुर्ची कमी पडली असन तर सांगत जा," म्हणाली, "मी घरून आनत जाईन." तेव्हापासून तिच्यासाठी खुर्ची असते. मला तिचा राग येत असे, हे कबूल करते. आपल्याला जे जमत नाही ते दुसऱ्याला सहज जमलेलं पाहिलं की येतो तो राग.

तिच्या जोडीला पुष्पाबाई. रेणुकाबाईचं अगदी उलटं टोक. बावीस वर्षं शाळेत रांधतायत. दोन्ही हातांवर वाफेचे, डाळीचे जुने डाग. बोलायचं म्हणजे इतकं कमी की काही शिक्षकांनी त्यांचा आवाजही ऐकला नसेल. नवरा लवकर गेला. मुलाचं बिऱ्हाड खामगावला. घरी त्या एकट्याच. सकाळी साडेनऊला शाळेत यायचं, तांदूळ निवडायचे, डाळ भिजत घालायची, शेवटचं पोर हात धुऊन गेलं की भांडी घासायची. आजारी पडल्या म्हणून त्यांनी सुट्टी घेतल्याचं मला आठवत नाही.

गेल्या डिसेंबरात शाळेच्या समितीने ठरवलं की पुष्पाबाईंचं वय झालं, सव्वीस जानेवारीनंतर त्यांना थांबवायचं. बैठकीत मी होते. हात वर करायला सांगितला तेव्हा मीही केला. समितीचे अध्यक्ष उकंडराव म्हणाले, "बाई आता थकली. आराम करू द्या तिले." किती काळजीचा सूर होता त्यात! मुख्याध्यापक भालचंद्र सरांनी लिहून घेतलं आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी रेणुकाबाई ऑफिसात आली. हात ओलेच होते.

"सर, पुष्पाबाईचा सत्कार ठेवसान का सव्वीस जानेवारीले?"

सरांनी चष्मा काढला. "सत्काराची यादी झाली आहे. पंधरा नावं आहेत."

"सोळावं लिहा."

"तसं नसतं बाई. त्या काही कर्मचारी नाहीत, मानधनावर आहेत. मानधनावरच्या लोकांचा सत्कार करायचा झाला तर पाणी सोडणाऱ्याचा करावा लागेल, झाडणारीचा करावा लागेल. कुठे थांबणार?"

"काऊन थांबाचं?" रेणुकाबाईने विचारलं.

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. सर वाईट माणूस नाहीत. नियमाबाहेर पाऊल पडलं की त्यांना घाम फुटतो, एवढंच. ते म्हणाले, "आणि शाली तरी कुठे आहेत तेवढ्या?"

हे मात्र त्यांनी बोलायला नको होतं. चौदा वर्षं ज्या बाईने त्या सहा शाली घड्या घालून पंधरा-पंधरा माणसांना पुरवल्या, तिलाच शाली कमी पडतात म्हणून सांगितलं. तिने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "बरं. आमची शाल आमी करतो," आणि गेली.

कापड तिच्या घरात होतं. थंडीत गावात ब्लँकेट वाटप झालं होतं. बाहेरगावचे कुणी दाते आले होते. एकेका बाईला पुढे बोलवायचं, ब्लँकेट तिच्या हातात द्यायचं, चार माणसांनी त्या ब्लँकेटला हात लावायचा आणि फोटो. ब्लँकेटच्या कोपऱ्यावर 'सप्रेम भेट' आणि खाली दात्याचं नाव छापलेलं. फ्लीस म्हणतात तसलं मऊ, लोकरीसारखं, गडद जांभळं कापड. चांगलं ऊबदार होतं. पण रेणुकाबाईने ते एकदाही पांघरलं नव्हतं. "अंगावर घेतलं का तो मानूस डोक्यापाशी उभा राह्यल्यासारखा वाटते," म्हणे.

तिची सून दीपमाला घरी ब्लाउज शिवते. तिनेच सासूला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. या कापडाचे धागे निघत नाहीत, त्यामुळे शिलाई लागत नाही. लांब पट्टी कापायची, दोन्ही टोकांना बोटभर रुंदीच्या चिरा द्यायच्या आणि त्या दोन-दोन चिरा एकमेकींशी गाठीने बांधायच्या. झाली झालर, झाला मफलर. दीपमाला म्हणाली, "मामी, मी काठ दुमडून शिलाई मारून देतो. टाका नसला का बाजारू दिसते."

"टाका नाही मारायचा."

"काऊन?"

"मले मशीन येत नाही. तू शिवला का तो तुह्या हातचा झाला. मले माह्या हातचा द्याचा हाये."

हे सगळं मला कळलं कारण ती दुसऱ्या दिवशी माझ्याकडे कात्री मागायला आली. मी हस्तकलेच्या पेटीतली दिली. ती कात्री कागदही नाराजीने कापते. मग दीपमालाची मोठी कात्री आली आणि मधल्या सुट्टीनंतर स्वयंपाकखोलीत सतरंजीवर ते जांभळं ब्लँकेट पसरलं गेलं. रेणुकाबाईने सगळ्यांत आधी दात्याच्या नावाचा कोपरा कापला आणि ओटा पुसायला टाकला. मग काठाला मारलेली शिवणीची पट्टी चारही बाजूंनी कापून काढली. "जिथं जिथं टाका हाये तेवढं जाऊ द्या," म्हणाली.

लांबीत सहा पट्ट्या निघाल्या. शाळेच्या शाली सहा, हिचे मफलरही सहा. मी हसले, ती हसली नाही. चिरा देताना पहिल्या पट्टीत तिचा हात चुकला. वीतभर द्यायच्या त्या हातभर गेल्या आणि मफलरचं टोक केरसुणीसारखं दिसायला लागलं. शिव्या देत तिने जास्तीचं छाटलं. दुसरीपासून हात बसला. चीर कापून जरा ओढली की ती आत वळून गोल होते, आणि मग गाठ घट्ट बसते, हे तिचं तिलाच सापडलं. व्हिडिओत ते नव्हतं.

पुष्पाबाई बाजूला तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कायचं चाललं वो रेणुका?"

"सव्वीस जानेवारीच्या पाहुन्यायले द्याचे हायेत."

"कोन पाहुने?"

"मोठे हायेत. लय लांबचे नाहीत, जवयचेच."

पुष्पाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि एक मफलर मांडीवर ओढून घेतला. "मंग नीट बांध. गाठ सैल राह्यली तर शायेचं नाव जाईन." आणि त्या स्वतःच गाठी मारायला लागल्या. बावीस वर्षं तांदळाच्या पोत्याचं तोंड बांधलेले हात ते. त्यांनी मारलेली गाठ नखाने सुटत नव्हती. मी तिथेच दाराशी उभी होते. तिथून मी वर्गात निघून गेले, कारण मला तिथे काहीतरी बोलावं लागलं असतं.

संध्याकाळी फाटकाजवळ रेणुकाबाईने मला गाठलं. "म्याडम, माइक तुमच्या हाती असते. पंधरा नावं वाचल्यावर पुष्पाबाईचं नाव घेसान का? मी मफलर घेऊन वर येतो. दोन मिन्टाचं काम हाये. बावीस वर्सं रांधलं बाईनं. एकदा तिचं नाव माइकमधून निघालं पाह्यजे."

"पाहू," मी म्हणाले.

"पाहू म्हन्जे नाही. समजलं मले." आणि ती सरळ चालू लागली. मागे वळूनही पाहिलं नाही.

गोष्ट लपून राहिली नाही. गावात राहत नाही. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उकंडराव शाळेत आले, ऑफिसात बसले आणि रेणुकाबाईला बोलावणं गेलं. मी तिथेच हजेरीपट भरत होते.

"रेणुका, तू कायतरी कापडं बांधून राह्यली म्हन्ते, कार्यक्रमात वाटाले."

"हाव."

"शायेचा कार्यक्रम हाये तो. तुह्या घरचं हळदीकुंकू नाही. गडबड केली तर तुहंही काम बंद होईन, सांगून ठेवतो."

"करा ना बंद," रेणुकाबाई म्हणाली. "माहंही करा, तिचंही करा. सत्तावीस तारखेले दीडशे पोरांची खिचडी तुमी रांधा, उकंडभाऊ. लाकडं ओली हायेत, सांगून ठेवतो."

उकंडरावांचा चेहरा पडला. सर पाणी प्यायला लागले. मी हजेरीपटातली एकच रेघ तीनदा ओढली. मला हसूही येत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती. बाई आपली रोजी पणाला लावून उभी होती आणि मी, कायम नोकरी असलेली, बदलीच्या भीतीने रेघा ओढत बसले होते.

सव्वीस जानेवारीला धुकं होतं. झेंडावंदन झालं. पोरं दात वाजवत गीतं म्हणाली. शाळेसमोरच्या मैदानावर अर्धं गाव जमलं होतं, कारण नंतर जिलबी असते. मी माइकवर. पंधरा नावांचा कागद माझ्या हातात. सोळावं नाव त्यावर नव्हतं आणि मी लिहिलंही नव्हतं.

पहिले पाहुणे एका सहकारी संस्थेचे. चहावाली त्यांच्या खांद्यावर गेली. फोटो झाला. ते जागेवर बसले, शालीची घडी घातली, खुर्चीच्या हातावर ठेवली. सातवीतल्या मुली उठल्या नाहीत. मी पाहिलं, रेणुकाबाई स्टेजमागून स्वतः बाहेर आली. तिने ती शाल उचलली, झटकली आणि पुन्हा त्या पाहुण्यांच्या खांद्यावर नीट पांघरली.

"घरी न्या भाऊ. तुमाले देलेली हाये. सत्काराची शाल परत नसतेत देत."

पाहुणे बावरले. इकडे तिकडे पाहिलं. मग त्यांना ते आवडलंच असावं, कारण त्यांनी शाल पिशवीत घातली. दुसऱ्यांनाही तसंच. तिसऱ्यांनी "राहू द्या, शाळेच्या कामी" एवढं म्हणेपर्यंत ती म्हणाली, "शायेचं काम तुमाले शाल देनं हाये. ते झालं." हळदीवाली गेली. जळकी गेली. ही बाई चोरी करत नव्हती, भांडत नव्हती, कुणाचा अपमान करत नव्हती. ज्याला दिलं त्याचं त्याला देत होती. तिला थांबवायचं तरी काय सांगून?

सहावी शाल गेली आणि मी सातवं नाव वाचलं. "शाळेच्या समितीचे अध्यक्ष, माननीय उकंडराव..."

उकंडराव उठले. धोतराची निरी नीट केली, पुढे येऊन उभे राहिले. नारळ आला. शाल आली नाही. भालचंद्र सर नारळ हातात धरून मागे पाहायला लागले. मुली एकमेकींकडे पाहायला लागल्या. मैदानात कुजबुज सुरू झाली. "शाल कुठी हाये बे?" मागून कुणीतरी विचारलं आणि पोरं खिदळली.

तेव्हा रेणुकाबाई पायऱ्या चढून स्टेजवर आली. हातात ताट, ताटात ते सहा जांभळे मफलर एकावर एक. उकंडरावांना वाटलं, आपल्याचसाठी आणलं. त्यांनी मान थोडी पुढे केली. खरं सांगते, त्यांनी मान पुढे केली.

"थांबा भाऊ," रेणुकाबाई म्हणाली. "शाली सरल्या. हे आमच्या हातचे हायेत आन् याच्यावर पहिला हक दुसऱ्याचा हाये." मग ती माझ्याकडे वळली. नुसतं पाहिलं.

सर मान हलवून मला नको नको म्हणत होते. मी माइक तोंडाजवळ धरला आणि माझ्या आयुष्यातली पहिली गडबड केली.

"यानंतर सत्कार," मी म्हणाले, "बावीस वर्षं या शाळेतल्या प्रत्येक मुलाला जेवू घालणाऱ्या, पुष्पाबाई..."

आणि थांबले. पुढचं नाव मला येत नव्हतं. नऊ वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं आणि त्यांचं आडनाव मला माहीत नव्हतं. माइकमधून नुसती खरखर ऐकू येत होती. तेवढ्यात पुढच्या रांगेतली पहिली-दुसरीची पोरं ओरडली, "पुष्पाआजी! पुष्पाआजी!" मग मागची पोरं ओरडली, मग मैदानात उभी असलेली मोठी माणसंही. त्यांच्यापैकी निम्म्यांनी तर लहानपणी पुष्पाबाईंच्याच हातचं खाल्लं होतं. मी म्हणाले, "पुष्पाआजी, वर या."

पुष्पाबाई जिलबीच्या परातीजवळ उभ्या होत्या. त्यांना खरंच कळलं नाही. दोन बायांनी त्यांना ढकलत आणलं. रेणुकाबाईने मफलर त्यांच्या गळ्यात घातला, दोन्ही टोकं पुढे सोडली. पुष्पाबाईंनी झालर हातात घेतली आणि एक गाठ अंगठ्याने चाचपली.

"हा मीच बांधलेला हाये," त्या म्हणाल्या.

"तुमाले सांगतलं होतं ना, पाहुने मोठे हायेत," रेणुकाबाई म्हणाली.

टाळ्या थांबत नव्हत्या. उकंडराव बाजूला उभे, हात कुठे ठेवावेत ते न कळून तेही टाळ्या वाजवत होते. आमच्याकडची रीत आहे, सत्कार झाला की सत्कारमूर्तीने दोन शब्द बोलायचे. मी माइक पुष्पाबाईंपुढे धरला. त्या मान हलवतील, हात जोडतील आणि खाली उतरतील, अशी माझी खात्री होती. रेणुकाबाईचीही असावी. जे हवं होतं ते मिळालं होतं. नाव माइकमधून निघालं होतं, आता बाई मानाने घरी जाईल. आमचं सगळं ठरलेलं होतं.

पुष्पाबाईंनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"मले कोनी इचारलं नाही," त्या म्हणाल्या.

परातीजवळच्या बाया पुढे सरकल्या.

"समितीनं ठरोलं, बाई थकली. मी कोनाले म्हटलं मी थकली म्हून? बावीस वर्सात एक दिवस पातेलं उतरवाले कोनाले हाक नाही मारली. उकंडभाऊ, तुमी कधी येऊन पाह्यलं का? सर, तुमी इचारलं का? म्याडम, तुमी हात वर केला म्हन्ते, तुमी इचारलं का?" त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी मान खाली घातली. मग त्या शेजारी वळल्या. "अन् रेणुका, तू बी नाही इचारलं. माह्याच बाजूले बसून कापड कापलं, सारं केलं, मले म्हने पाहुने येऊन राह्यले. लय गुनाची हायेस तू. पन तू बी माह्या जायाचीच तयारी करून राह्यली होती."

रेणुकाबाईचा चेहरा मी असा कधीच पाहिला नव्हता. तिने मफलरांचं ताट छातीशी धरलं.

"हा मफलर मी घेतो," पुष्पाबाई म्हणाल्या. "थंडी हाये. कान लागतात माहे. पन मी घरी जात नाही. घरी जाऊन कोनाले रांधू? ज्या दिवशी पातेलं उचलनार नाही त्या दिवशी मी सोता सांगीन. तोवर मले कोनी आराम देऊ नका."

माइक माझ्या हातात देऊन त्या उतरल्या आणि पुन्हा जिलबीच्या परातीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. टाळ्या आता झाल्या नाहीत. एक बाई जोरात म्हणाली, "बराबर हाये तिचं," आणि मग चार-पाच बायांनी तेच म्हटलं. उकंडराव सत्कार न होताच खाली बसले. यादीतली पुढची आठ नावं नुसत्या नारळावर भागली. उरलेले पाच मफलर रेणुकाबाईने पाणी सोडणाऱ्याला, झाडणारीला आणि अशाच तिघांना तिथेच स्टेजखाली वाटले. माइक न वापरता, स्वतःच्या आवाजात नावं घेऊन. ती सगळ्यांची पूर्ण नावं घेत होती. पुष्पाबाईंचं आडनावही मी मग तिलाच विचारून घेतलं. पुष्पाबाई महादेव दाभाडे. उशीर झाला होता, पण मी ते माइकवर वाचलं.

कार्यक्रम संपल्यावर मी रेणुकाबाईजवळ गेले. ती रिकामं ताट घेऊन पायरीवर बसली होती.

"काय वो म्याडम," ती म्हणाली, "मी उकंडभाऊले बोलत होती, तुमाले बोलत होती. अन् मी त्यायच्याहून काय वेगळं केलं? तिच्यासाठी भांडली, पन तिले इचाराचं इसरली."

मी तर भांडलेसुद्धा नव्हते. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. तिने ताट बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. साडेनऊला स्वयंपाकखोलीच्या दाराशी पुष्पाबाई उभ्या होत्या. मफलर डोक्यावरून कानांवर घट्ट गुंडाळलेला. कुलपाची चाबी समितीने कार्यक्रमाच्या आधीच त्यांच्याकडून काढून रेणुकाबाईकडे दिलेली होती. रेणुकाबाई आली, समोर उभी राहिली. पुष्पाबाईंनी नुसता हात पुढे केला. रेणुकाबाईने कमरेची चाबी काढली आणि त्या हातावर ठेवली. दोघी आत गेल्या. पुष्पाबाईंनी मफलर काढून खुंटीला अडकवला, चुलीजवळ तसलं कापड चालत नाही, आणि डाळीत पाणी घातलं.

भालचंद्र सर ऑफिसच्या दारात उभे राहून सगळं पाहत होते. समितीचा ठराव टेबलावर होता. मी वाट पाहत होते, ते काय म्हणतात. बारा वाजता पातेली उतरली. पोरांना वाढण्याआधी एका शिक्षकाने चव बघायची असते, आणि त्या दिवशी पाळी माझी होती. पुष्पाबाई दारात आल्या. त्यांनी ऑफिसकडे पाहिलं आणि माझ्या नऊ वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून हाक मारली.

"सर, खिचडी झाली. चव पाहाले कोन येते? का तेही बंद केलं?"

मी उठले. सरांनी हाताने मला थांबवलं.

"राहू द्या मॅडम," ते म्हणाले, "मी जातो."